कोचीला अर्धा दिवस देऊ नका

मी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, बाबा खाडीत जाळी लावायचे. तेव्हा खाडीत मासळी होती. मी शिकले, पोस्टात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण डोळे अजून कोळणीचेच आहेत. कुठल्याही गावाला गेले की आधी बंदर आणि मासळी बाजार शोधते. कोचीबद्दल लिहिते आहे तेही त्याच डोळ्यांनी.

पहिल्यांदा गेले १९९८ साली, केरळच्या आठ दिवसांच्या सहलीत. मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, कन्याकुमारी असं सगळं होतं आणि कोचीच्या वाट्याला आली सकाळी दहा ते दुपारी दीडची वेळ. चिनी जाळी दाखवली तेव्हा सगळी वर टांगलेली होती, एकही पाण्यात उतरलं नाही. ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग बंद, कारण तो शनिवार होता. जेवायला पंजाबी थाळी. समोर समुद्र, काठावर टोपल्या भरून मासळी, आणि आम्ही पनीर खात बसलो होतो. बसमध्ये चढताना मला अक्षरशः भरून आलं होतं.

पुढे मुलाची नोकरी दोन वर्षं कोचीजवळच्या कक्कनाडला होती. त्या निमित्ताने पाच वेळा गेले, एकदा तर सव्वा महिना राहिले. ओळखीपाळखीचं कुणी केरळला निघालं की मला फोन येतोच. सगळ्यांना जे सांगते ते इथे एकदाच लिहून ठेवते.

आधी वार ठरवा, मग तिकीट काढा

सिनेगॉग शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतं, ज्यूंच्या सणांनाही बंद. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. त्रिपुणितुराचा हिल पॅलेस, म्हणजे कोचीच्या राजांचा वाडा, आता संग्रहालय, तो सोमवारी बंद. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्या वेळी बघ्यांनी आत जाऊ नये. शनिवार-रविवार जोडून जाणारी आपली माणसं नेमकी चुकीच्या दिवशी पोचतात.

म्हणून माझा हिशेब असा. शनिवारी दुपारी ठाण्याहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडा. ती कुर्ला टर्मिनसहून सुटते, बाराच्या सुमारास ठाण्याला येते आणि पनवेललाही थांबते, त्यामुळे नवी मुंबईकरांना उलटं कुर्ल्याला जायची गरज नाही. रविवारी दुपारी एर्नाकुलम जंक्शनला उतरा. सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस कोचीला द्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू चालतात, तेव्हाची वेळ वेगळी बघून घ्या. विमानाने जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की विमानतळ नेडुंबाशेरीला आहे, तिथून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर पडतं आणि संध्याकाळच्या गर्दीत दीड-दोन तास सहज जातात.

मला स्वतःला गाडीच आवडते. रत्नागिरी, कुडाळ, मडगाव, कारवार करत आपलाच किनारा खाली सरकत जातो. माड तेच, कौलं तीच, भाषा तेवढी बदलत जाते.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मासळीसाठी जाणार असाल तर ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत केरळात ट्रॉलरना बंदी असते, आपल्याकडे १ जूनपासून असते तशीच. पारंपरिक होड्यांची मासळी तेव्हाही येते, पण निवड कमी आणि भाव जास्त.

राहायचं फोर्ट कोचीतच

एर्नाकुलम आणि कोची हे लोक एकच धरतात आणि स्टेशनसमोरचं हॉटेल घेऊन मोकळे होतात. एर्नाकुलम जमिनीकडचं, मॉल आणि मेट्रोचं शहर. आपल्याला बघायचंय ते पाण्यापलीकडचं जुनं गाव, फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टनचेरी. तिथे जुन्या घरांमध्ये होमस्टे भरपूर आहेत. घरमालकीण सकाळी अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू करून घालते. बहुतेक सगळं पायी फिरता येतं.

स्टेशनवरून रिक्षा करून बोट जेट्टीला या आणि पाण्यावरून पलीकडे जा. सरकारी बोट अगदी स्वस्त आहे. २०२३ पासून वॉटर मेट्रो आली आहे, ती हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला जाते. विजेवर चालणारी वातानुकूलित बोट, आवाज नाही की धूर नाही. धक्का पाण्यावर तरंगता आहे, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोटीत पाय टाकताना पायरी लागत नाही. माझ्या जाऊबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यासुद्धा हात न धरता चढल्या. भाऊच्या धक्क्यावर हे कधी होईल, असं त्या वेळी मनात आलं.

जाताना उजवा-डावा दोन्ही किनारा बघा. मधलं विलिंग्डन बेट माणसाने केलेलं आहे. बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते उभं राहिलं, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली. आणि कोचीचं बंदर स्वतः पुराने तयार झालं असं मानतात. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, तिकडचं मुझिरिसचं प्राचीन बंदर गाळाने बुजलं आणि इथे समुद्राला तोंड फुटलं. नदीच्या मनात आलं की बंदर हलतं, हे आम्हा खाडीकाठच्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

जाळी बघायची तर भरती बघून

चिनी जाळ्यांना मल्याळममध्ये 'चीनवला' म्हणतात. काठावर लाकडी सांगाडा, त्याला पुढे लांब वासे, वाशांच्या टोकांना बांधलेलं पसरट जाळं आणि मागच्या बाजूला दोरांना टांगलेले मोठमोठे दगड. दगडांचं वजन आणि जाळ्याचं वजन जवळजवळ तोलून धरलेलं असतं. एक माणूस मुख्य वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की तेवढ्या भाराने सगळा सांगाडा पुढे झुकतो आणि जाळं पाण्यात उतरतं. थोड्या वेळाने चार-पाच जण मागचे दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळं वर येतं. खोल समुद्रात जायचं नाही, माशाने आपल्याकडे यायचं.

मी पहिल्यांदा हे चालताना बघितलं तेव्हा तासभर उभी होते. आमच्या खाडीत बाबा खुंट रोवून जाळं बांधायचे आणि पाण्याच्या ओढीवर सोडून द्यायचे. भरती-ओहोटीला कामाला लावायचं, हा विचार दोन्हीकडे सारखाच. फरक पाण्यात आहे. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, तिकडे मीटरभर. म्हणून तिथे काठाला खिळवलेलं असं यंत्र टिकतं. ठाण्याच्या खाडीत ते अर्धा दिवस चिखलावर लोंबकळलं असतं.

तर सूचना अशी: जाळी भरतीच्या सुमाराला चालतात. होमस्टेच्या मालकाला आदल्या रात्री 'उद्या भरती किती वाजता' एवढं विचारा. सकाळी लवकरची भरती मिळाली तर उत्तम, कारण तेव्हा माणसं खरंच मासे धरत असतात. संध्याकाळी सूर्यास्ताला फोटो छान येतात, पण गर्दीही होते. जाळीवाले 'या, ओढा' म्हणून बोलावतात. जरूर जा, दोर हातात घेतल्यावरच वजन कळतं. नंतर पैसे द्यावे लागतात, तेव्हा आधीच बोलून घ्या, आणि देताना हात आखडू नका. जाळ्यात हल्ली मूठभर मासळी येते, त्यावर पाच-सहा घरं चालत नाहीत. लाकूड, दोर, दुरुस्ती सगळं महाग झालंय. आमच्या कोळीवाड्यात हे सगळं होऊन गेलं.

रांगेच्या मागे मासळीचे स्टॉल आहेत. तिथली सुरमई, पापलेट त्या जाळ्यांतली नाही, ती होड्यांवरून येते. त्यात फसवणूक काही नाही, फक्त ताजेपणा आपण तपासायचा. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि काचेसारखा. बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून आला पाहिजे. मासा घेऊन शेजारच्या खानावळीत शिजवून मिळतो, शिजवण्याचे पैसे वेगळे असतात, ते मासा कापायच्या आधी ठरवा. आमच्या मंडळाच्या बायकांकडून एका ठिकाणी माशाच्या किमतीपेक्षा शिजवणावळ जास्त घेतली होती.

समुद्रकिनारा म्हणून मात्र फोर्ट कोचीकडून अपेक्षा ठेवू नका. पावसानंतर जलपर्णी वाहून येते, कचराही असतो. पाण्यात खेळायचं असेल तर वायपिन बेटावरच्या चेराईला जा. फोर्ट कोचीहून रो-रो बोट पाच-दहा मिनिटांत वायपिनला सोडते, गाड्याही त्यातूनच जातात. पुढे बस मिळते. चेराईला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बॅकवॉटर. वायपिनच्या काठावरही चिनी जाळी आहेत आणि तिथे बघे कमी असतात.

मासळीची नावं पाठ करून जा

मेनूकार्डावर इंग्रजी नावं असतात ती निम्म्या वेळा गोंधळाची. मल्याळम नाव घेतलंत की वेटरचा चेहराच बदलतो. अय्ला म्हणजे बांगडा. मत्ती म्हणजे तारली. आवोली म्हणजे पापलेट, नेय्मीन सुरमई, चेम्मीन कोळंबी, ञंडू चिंबोरी, कूंतळ माखूल. कल्लुम्मक्काया म्हणजे आपले शिनाणे. 'मती' असं एका त ने म्हटलं तर त्याचा अर्थ 'पुरे' होतो, तेही वाढणाऱ्याला सांगायला लागतं, कारण भात वाढताना ते थांबत नाहीत. बोंबील मला तिकडे कुठल्याच मेनूवर दिसला नाही.

करीमीन हा केरळचा राज्यमासा. गोड्या-खाऱ्या मिसळीच्या पाण्यातला, चपटा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. गोव्याकडे त्यालाच कालुंदर म्हणतात. काटा भरपूर, त्यामुळे चमच्याने खाण्याचं काम नाही. 'करीमीन पोळ्ळिच्चदु' म्हणजे आधी थोडा तळलेला मासा, वर बारीक कांद्याचा परतलेला मसाला, आणि हे सगळं केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजलेलं. पान उघडलं की वाफेबरोबर खोबरेल आणि कढीपत्त्याचा वास येतो. खोबरेल तेलाचं जेवण नको वाटणाऱ्यांनी हाच पदार्थ एकदा खाऊन बघावा. एर्नाकुलमला एम. जी. रोडवर ग्रँड हॉटेलमध्ये मी तो पहिल्यांदा खाल्ला. पांढऱ्या टेबलक्लॉथचं जुन्या वळणाचं ठिकाण आहे, म्हाताऱ्यांना घेऊन जायला चांगलं.

कालवणं दोन प्रकारची. 'मीन मोयली' म्हणजे नारळाच्या दुधातलं, हळद आणि हिरव्या मिरचीचं, पोरांना चालणारं. 'मीन मुळकिट्टदु' लालभडक, त्यात खोबरं नाही. त्याची आंबटाई येते ती कुडमपुळीने. हे फळ आपल्या कोकमाचं सख्खं भावंड आहे, धुरावर वाळवून काळंकुट्ट केलेलं, त्यामुळे कालवणाला धुराचा वास लागतो. मातीच्या भांड्यात केलेलं, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागणारं. आमच्या घरी मी आता बांगड्याच्या कालवणात आगळाऐवजी कधी कधी कुडमपुळीची दोन बोटं घालते. ती जाड असते, आधी कोमट पाण्यात भिजवून घ्यायची.

त्याच्याबरोबर कप्पा मागवा. कप्पा म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो, उकडून मोडून हळद-खोबरं लावलेला. कप्पा आणि लाल कालवण ही जोडी खावी ती माडीच्या दुकानात, म्हणजे 'कळ्ळ शाप'मध्ये. उदयम्पेरूरचं मुल्लपंदल प्रसिद्ध आहे. दुकान म्हटल्यावर बायका कचरतात, मीही कचरले होते. पण तिथे सगळं कुटुंबच्या कुटुंब जेवायला येतं. माडी घेतलीच पाहिजे असं नाही. तिखट मात्र खरंच तिखट असतं.

बिर्याणीसाठी मट्टनचेरीचं कायीज, पाटीवर रहमतुल्ला हॉटेल. तांदूळ बासमती नाही, कैमा नावाचा आखूड दाणा, आपल्या आंबेमोहोराच्या अंगाचा. बोटांना तूप लागतं पण तोंडाला जड होत नाही. सोबत खजुराचं लोणचं. तिथे बारा वाजायच्या आत पोचा. दुपारी उशिरा गेलं तर भांडं रिकामं झालेलं असतं, आमचं एकदा तसं झालं.

जेवायला बसल्यावर फिकट गुलाबी, कोमट पाणी समोर येतं. आमच्या बसमधल्या कितीतरी जणांनी ते गढूळ समजून परत पाठवलं होतं. ते पतिमुगम, म्हणजे पतंगाच्या लाकडाचा तुकडा घालून उकळलेलं पाणी. उकळलेलं असल्यामुळे बाटलीपेक्षा तेच बरं. भात जाड, तांबूस, उकडा. सिंधुदुर्गातल्या माणसाला घरचा वाटेल, पुण्याच्या माणसाला दोन दिवस लागतील.

शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर मट्टनचेरीच्या गुजराती रोडवर जा. कच्छी-गुजराती व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, शांतिलाल मिठाईवाल्यांकडे फरसाण आणि मिठाई मिळते. एर्नाकुलमच्या पै दोसावाल्यांकडे डोशाचे इतके प्रकार आहेत की नातवंडांचा अर्धा तास मेनू वाचण्यात गेला. दुपारचं केळीच्या पानावरचं 'ऊण' कुठेही स्वस्त आणि पोटभर. चहाच्या वेळेला पळमपोरी, म्हणजे पिकल्या राजेळी केळ्याची भजी.

बर्गर स्ट्रीटवरच्या काशी आर्ट कॅफेत केक आणि कॉफी चांगली मिळते, भिंतींवर चित्रं असतात, उन्हाच्या वेळी बसायला थंड. डिसेंबरात गेलात तर फोर्ट कोचीच्या बेकरीत 'ब्रूडर' विचारा. डचांनी मागे ठेवलेला गोडसर पाव, अंडी, लोणी, मनुका आणि जायफळ घातलेला. डच जाऊन सव्वादोनशे वर्षं झाली, पाव अजून भाजला जातो.

मट्टनचेरी: पूर्ण एक दिवस

राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगिजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्याला, आणि कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर दुरुस्त केला. बाहेरून साधं कौलारू घर वाटतं. आत राजाच्या शयनघराच्या भिंतींवर रामायण चितारलेलं आहे, पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, बोटभर जागा मोकळी न सोडता. फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरं. खालच्या खोलीतली गोवर्धन उचललेल्या कृष्णाची भिंत चुकवू नका.

तिथून चालत ज्यू टाउन. परदेशी सिनेगॉग १५६८ सालचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, प्रत्येक हाताने रंगवलेली. वर काचेची झुंबरं. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० सालचा, एझिकेल रहाबी या व्यापाऱ्याने बांधलेला.

या रहाबी नावापाशी मी थांबले. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आपलं सिनेगॉग आहे, शआर हाशामाईम, १८७९ सालचं. पोस्टात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बेने इस्राएल बाई होत्या, घरात मराठीच बोलणाऱ्या. त्या सांगायच्या, आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. प्रार्थना, सणवार बरंच विसरलं गेलं होतं, ते कोचीहून आलेल्या दावीद रहाबींनी पुन्हा शिकवलं, अशी त्यांच्या समाजाची आठवण आहे. मी कोचीच्या त्या मनोऱ्याचा फोटो त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आज कोचीत ज्यू माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, बाकी १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली. त्यामुळे सिनेगॉगमध्ये हळू बोला.

आणखी एक जागा सहसा कुणी दाखवत नाही, ती चेरलाईची. पोर्तुगिजांच्या काळात गोव्याहून निघून आलेली गौड सारस्वत मंडळी इथे वसली. त्यांचं तिरुमल देवस्थान मोठं आहे. पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, लुंगी-धोतर बरोबर ठेवा. मागच्या गल्लीत ओसरीवर एक म्हातारी पापड वाळत घालत होती. शेजारणीशी तिचं चाललेलं कोकणी बोलणं माझ्या कानावर पडलं आणि मी थबकले. मी माझ्या बोलीत विचारलं, तिने तिच्या बोलीत सांगितलं, दोघींना बहुतेक सगळं कळलं.

याच कोकणी समाजातल्या वैद्यांचं एक मोठं काम आहे. डच गव्हर्नर व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्तुस मलाबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य त्यात होते. पहिल्या खंडात त्या तिघांचं प्रमाणपत्र देवनागरीत छापलेलं आहे. शिवाजी महाराज हयात असताना, सातासमुद्रापलीकडे, आपली अक्षरं छापली गेली. चेरलाईतून चालताना हे माहीत असलं की ती गल्ली वेगळी दिसते.

एर्नाकुलमच्या ब्रॉडवे भागात सोन्या-चांदीच्या दुकानांमागे मला विट्याकडचा एक गलाई कारागीर भेटला, सोनं गाळणारा. मराठी ऐकून त्याने दुकानात बसवून चहा पाजला. वडिलांपासून तिकडेच आहेत म्हणाला.

मसाला घ्यायचा तर

रिक्षावाला 'फुकट फिरवतो, फक्त दोन दुकानं बघा' म्हणाला तर नको म्हणा. त्या दुकानांत काचेच्या बरण्या आणि दुप्पट भाव. मी पहिल्या खेपेला अशाच एका दुकानातून वेलची घेतली, घरी येऊन फोडली तर निम्मी पोकळ. बझार रोडवर जिथे पोती उघडी असतात तिथे घ्या. आमचा वर्षाचा मसाला एप्रिल-मे मध्ये कुटून बाटल्यांत भरतात, त्यासाठी मिरी, लवंग, जायपत्री मी फेब्रुवारीत कोचीहून आणते.

मिरी मूठभर घेऊन वजन अजमावा. शंका असेल तर दुकानदाराकडे पेलाभर पाणी मागा, पोकळ दाणे तरंगतात. लवंगेला नख लावा, तेल दिसलं पाहिजे, आणि डोकं शाबूत हवं. दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची असेल तर खरी, एकच जाड साल असेल तर ती दुसरी. जायपत्री लाल-केशरी, मोडताना चिवट.

उरलेलं

सेंट फ्रान्सिस चर्चला अर्धा तास पुरे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला इथे पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले. रिकामी जागा कठडा घालून राखली आहे. मला जास्त आवडले ते छताला टांगलेले कापडी पंखे. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात, बाहेर उन्हात बसलेली माणसं ते ओढायची. सांताक्रूझ बॅसिलिकाचं छत बघा. ते रंगवणारा इटालियन ब्रदर मोस्केनी १९०५ साली, चर्चच्या अर्पणविधीच्या काही दिवस आधीच वारला. मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपल बघितलं असेल तर त्याचा हात लगेच ओळखू येतो.

कथकली केंद्रात सहाच्या खेळाला पाचलाच जा. कलाकार जमिनीवर आडवा झोपतो आणि दुसरा त्याच्या गालांवर तांदळाच्या पिठीने कड चढवतो. डोळे लाल व्हावेत म्हणून पापणीखाली एका झाडाचं बी ठेवतात. खेळ समजला नाही तरी तो तास वाया जात नाही.

वेलीचा धोबीखाना सकाळी बघा. हिल पॅलेसला मंगळवारी अर्धा दिवस. २०१२ पासून इथे बिएनाले, म्हणजे मोठं कलाप्रदर्शन भरतं, ते असेल त्या हिवाळ्यात अ‍ॅस्पिनवॉल हाउसला दोन-तीन तास ठेवा. ३१ डिसेंबरच्या रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात, गर्दी प्रचंड असते, म्हाताऱ्यांना नेऊ नका.

निघायच्या दिवशी केळ्याचे चिप्स घ्या, खोबरेल तेलात समोर तळतात तिथले. गरम गरम मिळतात म्हणून लगेच पिशवीची गाठ मारू नका. गाडी सुटेपर्यंत तोंड उघडं ठेवा, मग बांधा, म्हणजे ठाण्यापर्यंत कुरकुरीत राहतात.